राजाने जाळलेली गुंडाळी : देवाचे सत्य नाकारल्यावर काय होते, हे बायबल कसे सांगते

इ.स.पू. 604 चा हिवाळा. यरुशलेमच्या राजवाड्यातल्या हिवाळी दालनात यहूदाचा राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसला आहे आणि यहूदी नावाचा एक सेवक (हे त्याचे नावच आहे) त्याला एक लांबलचक गुंडाळी वाचून दाखवीत आहे. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाचा चाकू घेतो, वाचलेला भाग कापतो आणि निखाऱ्यांवर टाकतो. पुढचे रकाने वाचले जातात, तेही कापले जातात. अशी ती सगळी गुंडाळी शेगडीत जाते. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 36 व्या अध्यायात हा प्रसंग आला आहे, आणि त्यात राजाच्या तोंडी रागाचा एक शब्दही नाही. निवेदक फक्त एवढेच नोंदवतो की राजा किंवा त्याचे सेवक घाबरले नाहीत आणि त्यांनी शोक आणि पश्चात्तापाची खूण म्हणून आपली वस्त्रेही फाडली नाहीत.

देवाचे सत्य नाकारले तर काय होते, असा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आकाशातून पडणारी आग येते. बायबलमध्ये तशा कथा आहेत, सदोम आणि गमोरा ही त्यांतली सर्वांत परिचित. पण संदेष्ट्यांची पुस्तके आणि येशूचा प्रेषित पौल याची पत्रे सलग वाचली तर ध्यानात येते की तिथे सांगितलेला परिणाम बहुधा याहून संथ असतो, माणसाच्या आतून सुरू होतो आणि बराच काळ तो परिणाम आहे हे कोणाला कळतही नाही. सत्य नाकारणाऱ्याला मिळणारी पहिली शिक्षा म्हणजे त्याला पुढच्या वेळी ते कमी ऐकू येते. ही गोष्ट समजून घ्यायला यहोयाकीमची शेगडी आणि तिच्यानंतरची सतराअठरा वर्षे यांच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण इथे बायबलने तारखांसह तपशील दिले आहेत आणि त्यांतले काही बाबेलच्या (बॅबिलोनच्या) मातीच्या पाट्यांशीही जुळतात.

आधी 'सत्य' या शब्दाकडे पाहू. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, सत्यासाठी 'एमेत' हा हिब्रू शब्द येतो. त्याचे मूळ तेच, ज्यातून प्रार्थनेच्या शेवटी म्हटला जाणारा 'आमेन' आला. या मुळाचा भाव आहे टिकाऊपणाचा, भार टाकला तरी न ढळण्याचा. निर्गम या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात लढाई चालू असताना इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याचे थकलेले हात दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवले आणि ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले असे म्हटले आहे, तिथे 'स्थिर' या अर्थाने याच मुळाचा शब्द आहे. म्हणजे सत्य हे मुळात विधान नव्हे. सत्य म्हणजे ज्यावर टेकता येते ते. आणि ते नाकारणे म्हणजे 'देव नाही' असे जाहीर करणे नव्हे, तर तिथे टेकण्याचे सोडून दुसरीकडे टेकणे होय.

यहोयाकीम नास्तिक नव्हता, हे या संदर्भात लक्षात ठेवले पाहिजे. त्याचे जन्मनाव एल्याकीम, म्हणजे 'देव उभा करील'. त्याचा बाप योशीया राजा इ.स.पू. 609 मध्ये मगिद्दो येथे मिसरचा (इजिप्तचा) फारो, म्हणजे राजा, नखो याच्याशी झालेल्या लढाईत मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या भावाला नखोने तीन महिन्यांत काढले आणि याला गादीवर बसवून त्याचे नाव बदलले : यहोयाकीम, 'यहोवा उभा करील'. एका मिसरी सम्राटाने आपल्या मांडलिकाला इस्राएलच्या देवाच्या नावाने नाव द्यावे, यातली विसंगती त्या काळच्या लोकांनाही जाणवली असेल. मंदिर चालू होते, बळी अर्पण केले जात होते, उपवास पाळले जात होते. मग राजाने नाकारले ते काय?

त्याचे उत्तर यिर्मयाच्या 22 व्या अध्यायात आहे आणि ते अगदी रोखठोक आहे. राजाने स्वतःसाठी प्रशस्त महाल बांधायला काढला, त्याला रुंद खिडक्या ठेवल्या, गंधसरूच्या लाकडाचे तक्ते लावले, हिंगुळाने रंगवले, आणि बांधकाम करणाऱ्या शेजाऱ्यांची मजुरी बुडवली. यिर्मया त्याला बापाची आठवण देतो : तोही खातपीत होता, पण त्याने न्याय केला, दीनदुबळ्यांची बाजू घेतली. मग संदेष्टा देवाच्या वतीने विचारतो, मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय? हे वाक्य मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. देवाला ओळखणे आणि मजुराची मजुरी देणे या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्यामुळे सत्य नाकारण्याची सुरुवातही वादविवादात किंवा देवळाच्या पायरीवर होत नाही, ती हिशेबाच्या वहीत होते.

बाप आणि मुलगा यांची तुलना ग्रंथकाराने फार बारकाईने केली आहे. योशीयाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 622 च्या सुमारास, मंदिराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान या चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला. ऐकताच योशीयाने आपली वस्त्रे फाडली आणि हुल्दा या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून विचारले की आता काय करायचे. तिने दिलेले उत्तर कडक होते, तरी तो मागे हटला नाही. पुढे मुलासमोर अशीच एक गुंडाळी वाचली जाते. बापाने वस्त्रे 'फाडली' आणि मुलाने गुंडाळी 'कापली', या दोन्ही ठिकाणी हिब्रूत एकच क्रियापद आहे, 'कारा'. भाषांतरात हा धागा तुटतो, पण मूळ ऐकणाऱ्याला तो लगेच उमजत असणार : काहीतरी फाटायचे होतेच, प्रश्न एवढाच होता की कपडा फाटणार की कागद.

ती गुंडाळी तयार कशी झाली, हेही या अध्यायात आले आहे. इ.स.पू. 605 मध्ये कर्कमीश येथे बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरी सैन्याचा धुव्वा उडवला, म्हणजे ज्या सत्तेने यहोयाकीमला गादीवर बसवले होते तीच सत्ता कोसळली. त्याच वर्षी यिर्मयाने आपली वीसबावीस वर्षांची भाषणे बारूख बिन नेरीया या लेखनिकाला सांगून लिहवून घेतली. त्याला स्वतःला मंदिरात जायला मज्जाव होता, म्हणून पुढच्या वर्षीच्या नवव्या महिन्यात, उपवासाच्या दिवशी, बारूखाने ती गुंडाळी मंदिरात जाऊन मोठ्याने वाचली. याच नवव्या महिन्यात, म्हणजे किस्लेवमध्ये, नबुखद्नेस्सराने समुद्रकाठचे अष्कलोन शहर जिंकल्याची नोंद बाबेलच्या बखरीत आहे, आणि ती मातीची पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उपवास त्याच भीतीपोटी पुकारला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

बारूखाने वाचले ते दालन गमऱ्या बिन शाफान याचे होते. हा त्याच शाफानाचा मुलगा, ज्याने योशीयाला ग्रंथ वाचून दाखवला होता. गमऱ्याच्या मुलाने वाचन ऐकले आणि धावत जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले. अधिकाऱ्यांनी बारूखाला बोलावून पुन्हा वाचायला लावले, आणि ऐकून ते भयाने एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनी एक चौकशी केली, जी खास कचेरीतली वाटते : तू हे सगळे लिहिलेस कसे? बारूख म्हणाला, यिर्मया तोंडाने सांगत होता आणि मी शाईने लिहीत होतो. तू आणि यिर्मया लपून बसा, असे सांगून ते राजाकडे गेले. गुंडाळी जळताना त्यांच्यातल्या तिघांनी, गमऱ्याही त्यांत होता, राजाला जाळू नका म्हणून विनवले. म्हणजे दरबारात ऐकू येणारी माणसे अजून शिल्लक होती.

मन 'जड' होणे म्हणजे काय

गुंडाळी जाळल्यावर त्या क्षणी काहीच घडले नाही. आग भडकली नाही, राजा खाली कोसळला नाही. तो आणखी सहाएक वर्षे राज्य करत राहिला. बायबलचे म्हणणे समजून घ्यायचे तर ही सहा वर्षेच नीट पाहिली पाहिजेत, आणि त्यासाठी थोडे मागे, मिसर देशातल्या दुसऱ्या एका राजाकडे जावे लागते.

निर्गमाच्या पुस्तकातील फारो दास केलेल्या इस्राएली लोकांना जाऊ देईना, म्हणून देवाने मिसरवर एकामागून एक दहा पीडा पाठवल्या. ही कथा नुसती ऐकून माहीत असणाऱ्यांचाही एक आक्षेप असतो : देवानेच त्याचे मन कठीण केले, मग त्याचा दोष काय? हा आक्षेप हलका नाही. 1524 आणि 1525 मध्ये इरॅस्मस आणि मार्टिन ल्यूथर यांच्यात माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावरून जो प्रसिद्ध वाद झाला, त्यातही फारोचे मन हा एक मुख्य मुद्दा होता आणि तो आजही मिटलेला नाही. मी इथे फक्त मजकुराचा क्रम दाखवतो. मी फारोचे मन कठीण करीन, असे देव मोशेला आधीच सांगून ठेवतो हे खरे. पण पीडा प्रत्यक्ष येऊ लागल्यावर पहिल्या पाच पीडांच्या वर्णनात फारोचे मन कठीण राहिले किंवा त्याने स्वतःच ते कठीण केले, असेच येते. परमेश्वराने ते कठीण केले, असे पीडांच्या हकिकतीत प्रथम येते ते सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी. यासाठी वापरलेल्या हिब्रू क्रियापदांपैकी एकाचा अर्थ आहे 'जड होणे'. बेडूक गेले, जरा उसंत मिळाली, आणि फारोने आपले मन जड केले. प्रत्येक नकाराबरोबर पुढचा होकार थोडा अधिक अवघड होत जातो, आणि एक वेळ अशी येते की माणसाने स्वतः केलेली निवडच त्याच्यावर निकालासारखी बसते.

नव्या करारात पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना साधारण इ.स. 57 मध्ये लिहिलेल्या पत्रात हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत येते. पहिल्या अध्यायात तो म्हणतो की माणसे सत्य दाबून ठेवतात. सत्य त्यांना माहीत नाही असे तो म्हणत नाही, उघडू पाहणारे दार आतून पाठ लावून दाबून धरावे तसे ते धरून ठेवतात, असा त्याचा भाव आहे. आणि यावर देव काय करतो? पौल तीनदा एकच क्रियापद वापरतो : देवाने त्यांना 'स्वाधीन केले'. एखादा कैदी दुसऱ्याच्या हवाली करावा, तसे त्यांना त्यांच्याच वासनांच्या, त्यांच्याच बुद्धीच्या हवाली केले. देवाचा क्रोध इथे तडाख्याच्या रूपाने येत नाही, तो हात सोडून देण्याच्या रूपाने येतो. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायात ज्ञान ही जणू एक बाई आहे आणि ती चव्हाट्यावर उभी राहून ओरडते, कोणी लक्ष देत नाही, तेव्हा ती म्हणते की हे लोक आपल्याच आचरणाचे फळ खातील. आमोस या संदेष्ट्याने तर दुष्काळाचीच उपमा वापरली : देशावर दुष्काळ येईल, पण भाकरीचा नव्हे आणि पाण्याचाही नव्हे, परमेश्वराची वचने ऐकण्याचा.

मराठी वाचकाला इथे कर्मफळाची आठवण होणे स्वाभाविक आहे, 'करावे तसे भरावे' ही म्हण आपल्या तोंडी असतेच. साम्य आहे, पण एका ठिकाणी वाट वेगळी होते. यिर्मयाच्या 18 व्या अध्यायात संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे मडके बिघडते, आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे घडवतो. तिथे देव सांगतो की एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असे मी म्हणालो आणि ते राष्ट्र वळले, तर मीही योजलेल्या अनिष्टापासून वळेन. निनवे शहराबाबत योनाच्या पुस्तकात नेमके हेच होते. म्हणजे बायबलमधला परिणाम हा आपोआप चालणाऱ्या हिशेबासारखा नाही. समोर कोणीतरी आहे, तो वाट पाहतो, त्याला दुःख होते. यिर्मयाच्या पुस्तकात संदेष्ट्याचे रडणे आणि देवाचे रडणे इतके एकमेकांत मिसळले आहे की कोठे कोण बोलतो आहे, यावर टीकाकारांचे एकमत होत नाही.

ऐकून न ऐकणे

यहोयाकीमने बाबेलचे मांडलिकत्व पत्करले, तीन वर्षांनी ते झुगारले, आणि बाबेलचे सैन्य शहराला वेढा घालण्याच्या सुमारास, इ.स.पू. 598 मध्ये, तो मेला. त्याच्या तरुण मुलाने, यहोयाखीनने, तीन महिन्यांत शरणागती पत्करली. यरुशलेम पडल्याचा दिवस बाबेलच्या बखरीत नोंदलेला आहे, तो आपल्या कालगणनेने 16 मार्च 597 इ.स.पू. येतो. पुढे बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिध्याच्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन याला दिलेल्या तेलाची नोंदही मिळाली आहे. नबुखद्नेस्सराने त्याच्या जागी त्याचा चुलता सिद्कीया याला बसवले.

यहोयाकीमपेक्षा सिद्कीया मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो आपल्यासारखा आहे. त्याने कधी गुंडाळी जाळली नाही. तो यिर्मयाला गुप्तपणे बोलावून विचारी, परमेश्वराकडून काही वचन आले आहे काय? वचन आले असे आणि दर वेळी तेच असे : बाबेलला शरण जा, म्हणजे शहर वाचेल. सिद्कीया ऐकून घेई आणि करीत काहीच नसे. सरदारांनी यिर्मयाला चिखलाने भरलेल्या हौदात उतरवून मरायला टाकले, तेव्हा राजा म्हणाला, तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही. मग एबद-मलेख या कूशी खोजाने येऊन गाऱ्हाणे केले, तर त्याला माणसे देऊन यिर्मयाला बाहेर काढण्याची परवानगीही त्यानेच दिली. एबद-मलेखाने दोरांबरोबर जुन्या चिंध्या खाली सोडल्या, दोर काखेत रुतू नयेत म्हणून. सगळ्या हकिकतीत यिर्मयाशी इतक्या ममतेने वागलेला माणूस परदेशी आहे, हे ग्रंथकाराने मुद्दाम ठेवले असावे.

शेवटच्या भेटीत सिद्कीया खरे कारण बोलून जातो. जे यहूदी आधीच बाबेलकडे गेले आहेत, ते माझी विटंबना करतील याची मला भीती वाटते, असे तो म्हणतो. राज्य, मंदिर, शहरातली हजारो माणसे एका पारड्यात आणि लोक काय म्हणतील ही भीती दुसऱ्यात, आणि दुसरे पारडे खाली जाते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. वेढ्याच्या धास्तीने श्रीमंतांनी करार करून आपले हिब्रू दासदासी मोकळे केले. मध्येच मिसरचे सैन्य निघाल्याची बातमी आली, बाबेलने वेढा तात्पुरता उठवला, आणि त्याच श्रीमंतांनी मोकळे केलेल्यांना पुन्हा धरून दास केले. बेडूक गेल्यावर फारोला मिळालेल्या उसंतीची आठवण व्हावी असा हा प्रसंग आहे, आणि तो यिर्मयाच्या 34 व्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात एक ओळ येते की यहूदाच्या तटबंदी शहरांपैकी आता लाखीश आणि अजेका हीच उरली आहेत. 1935 मध्ये लाखीशच्या वेशीजवळच्या खोलीत शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यांपैकी एकावर कोणी हाताखालचा अधिकारी आपल्या वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळाकडे लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. अजेका विझले होते की नुसतेच नजरेआड होते, यावर मतभेद आहेत. दुसऱ्या एका खापरावर हात ढिले पाडणाऱ्या शब्दांबद्दल तक्रार आहे, आणि सरदारांनी यिर्मयावर ठेवलेला आरोपही नेमक्या याच वाक्प्रचारात होता.

लोकांना ऐकू येत नव्हते याचे आणखी एक कारण होते : त्यांना दुसरे काहीतरी गोड ऐकवले जात होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर यिर्मयाने बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर घेतलेले लाकडी जू मोडले आणि जाहीर केले की दोन वर्षांत बाबेलचे जू असेच मोडेल. त्यानेही सुरुवात 'परमेश्वर असे म्हणतो' अशीच केली होती. यिर्मया प्रथम म्हणाला, आमेन, परमेश्वर तसे करो. इथे थांबून विचार करावा असे मला वाटते. बायबलमध्ये सत्य नाकारणारे पुष्कळदा देवाचे नाव टाकत नाहीत, ते त्याच नावाने सोयीचे वचन तयार करतात. 'हे परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर' असे तीनदा म्हणणाऱ्यांना यिर्मयाने 7 व्या अध्यायात विचारले होते की तुम्ही चोरी करता, खोट्या शपथा वाहता, आणि मग इथे येऊन आम्ही सुरक्षित आहोत म्हणता काय?

दीड वर्षाच्या वेढ्यानंतर तट फुटला. सिद्कीया रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात पकडला गेला आणि रिब्ला येथे नेला गेला. तिथे त्याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारले, आणि मग त्याचे डोळे काढले. महिन्याभराने मंदिर, राजवाडा आणि घरे जाळली गेली. यहूदी लोक अवीब महिन्यापासून पाचव्या, म्हणजे आव महिन्याच्या नवमीला त्याच्या स्मरणार्थ उपवास करतात आणि विलापगीत वाचतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात या उपवासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडला जाई.

1982 मध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात यरुशलेमच्या जुन्या उतारावर एका घरात पन्नासच्या आसपास मातीचे ठसे सापडले. हे ठसे कागदपत्रांच्या दोऱ्यांवर लावलेले होते. शहर जळाले तेव्हा कागद जळून गेले आणि ओली माती भट्टीतल्यासारखी भाजून टिकली. त्यांतल्या एका ठशावर नाव आहे : गमर्याहू बिन शाफान. जाळू नका म्हणून विनवणाऱ्याचाच हा ठसा असावा, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. राजाच्या आगीतून जे वाचले नाही आणि बाबेलच्या आगीतून जे वाचले, त्या दोन्हींजवळ हे एकच नाव दिसते.

उलट वाचण्याची चूक

इथवर आल्यावर एक धोका उभा राहतो. सत्य नाकारल्याने संकट येते, तेव्हा ज्याच्यावर संकट आले त्याने सत्य नाकारले असणार, असा उलटा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे. बायबलने हा मार्ग जागोजागी अडवला आहे. दोष नसताना दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे सगळे पुस्तक त्यासाठीच आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात की पाप कोणाचे, तेव्हाही तो प्रश्नच बाजूला सारतो. विलापगीतात भुकेने आईच्या उराशी मरणारी मुले आहेत. त्यांनी कोणतीही गुंडाळी जाळली नव्हती. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण त्या काळी लोकांच्या तोंडी होती, आणि यहेज्केल हा संदेष्टा निक्षून सांगतो की ती आता वापरू नका. पण नाकारणारे सत्तेवर असतील तर किंमत इतरांनाही मोजावी लागते, हे त्या मुलांच्या मरणाने तिथे लिहून ठेवलेच आहे.

दुसरा धोका याहून मोठा. ही सगळी वचने कोणाला उद्देशून आहेत? यिर्मया आपल्याच राजाला, आपल्याच याजकांना, आपल्याच मंदिरात बोलत होता. पौल पहिल्या अध्यायात सत्य दाबणाऱ्यांचे वर्णन करतो आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या वाचकाकडे वळून म्हणतो की तूही तेच करतोस. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे दुसरे मंदिर पाडले, ते यहुद्यांवरचा शिक्षेचा शिक्का म्हणून अनेक शतके ख्रिस्ती धर्मपीठांवरून दाखवले गेले आणि त्यातून छळही झाला. येशू मात्र त्या शहराकडे पाहून रडला होता, असे त्याचा चरित्रकार लूक सांगतो. जो रडत नाही त्याला ही वचने उच्चारण्याचा अधिकार कितपत आहे, अशी शंका मला येते.

गुंडाळीचे पुढे काय झाले

जळालेल्या गुंडाळीबद्दल 36 व्या अध्यायाच्या शेवटी दोन ओळी आहेत. यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, बारूखाने पहिलीतली सगळी वचने पुन्हा लिहिली, आणि त्यांत तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. राजाच्या चाकूने पुस्तक लहान झाले नाही, वाढले. आज जे आपण वाचतो ते या दुसऱ्या गुंडाळीच्या वंशातले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केडगाव येथे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलमध्येही तेच शब्द आले.

शहर पडल्यावर तरी लोकांना यिर्मयाचे पटले असेल, असे वाटणे साहजिक आहे. बाबेलने शाफानाचा नातू गदल्या याला उरलेल्यांवर अधिकारी नेमले, त्याचा खून झाला, आणि घाबरलेले लोक मिसरला निघाले. जाताना त्यांनी यिर्मयाला विचारले की देवाला विचारून सांग, बरे असो वा वाईट, आम्ही तसेच करू. दहा दिवसांनी उत्तर आले : इथेच राहा. ते म्हणाले, तू खोटे बोलतोस, तुला बारूखाने फूस लावली आहे. आणि ते यिर्मया व बारूख या दोघांनाही घेऊन मिसरला गेले.

तिथे 44 व्या अध्यायातला वाद होतो, जो मला या पुस्तकातला सर्वांत भेदक वाटतो. यिर्मया म्हणतो, हे सगळे घडले कारण तुम्ही दुसऱ्या देवांना धूप जाळलात. लोक, विशेषतः बायका, उत्तर देतात : आम्ही आकाशाच्या राणीला, म्हणजे त्या देवीला, धूप जाळीत होतो तेव्हा पोटभर खायला होते, तो जाळणे थांबवले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ मागे लागला. घटना त्याच आहेत, तारखा त्याच आहेत, जळालेले शहरही तेच आहे, आणि दोन्ही बाजूंना तो आपलाच पुरावा वाटतो. ऐकण्याची शक्ती गेली की संकटही काही शिकवत नाही, ते जुन्या मताच्याच बाजूने साक्ष देऊ लागते.

यिर्मयाने वाद वाढवला नाही. मिसरात आलेल्या उरलेल्या यहुद्यांना कळेल, तो म्हणाला, की कोणाचे वचन उभे राहते, माझे की त्यांचे. 'उभे राहणे' यासाठी तिथे हिब्रूत जे क्रियापद आहे, त्याच्याच मुळापासून शेगडीपुढे बसलेल्या त्या राजाचे नाव बनले होते. यानंतर यिर्मयाचे काय झाले, तो केव्हा आणि कोठे मेला, हे पुस्तक सांगत नाही.